सहाव्या डावातली हिट

“काका, पेन चालतंय न्हवं?”

लंका ठोंबरे प्रत्येक सामन्याआधी माझ्या टेबलापाशी येऊन हेच विचारायची. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी माझं पेन मध्येच रुसलं होतं आणि मी अर्धं पान पेन्सिलीने लिहिलं होतं. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं, की पेन्सिलीचं काही खरं नाही, ते कुणीही खोडू शकतं. मी वहीच्या कडेला एक रेघ ओढून दाखवली. तिने ती वाकून पाहिली, समाधानाने मान हलवली आणि तळहाताला माती चोळत मैदानात गेली.

मे १९९८. आमच्या विट्याच्या हायस्कूलचं मैदान, सकाळचे साडेसहा. दहानंतर त्या मैदानावर पाय ठेवणं मुश्कील व्हायचं, म्हणून सामने सकाळीच उरकत. गणपा शिपायाने पहाटे उठून फक्कीच्या रेघा मारल्या होत्या आणि आठवीच्या वर्गातला फळा उचलून कडुनिंबाखाली आणून ठेवला होता. त्या फळ्याशेजारी माझं टेबल, टेबलावर वही. मुलींच्या बेसबॉलच्या तालुकावार स्पर्धेचा तो शेवटचा सामना होता, आमची शाळा विरुद्ध तासगावची.

विट्यात बेसबॉल कुठून आला, हे विचारणारे पुष्कळ भेटले. माझ्यापुरता तो पोस्टाने आला. माझा मेहुणा अमेरिकेत होता. बहिणीला म्हणजे माझ्या बायकोला साडी पाठवायची सोडून त्याने एकदा मला बेसबॉलच्या सात सामन्यांच्या कॅसेटी आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं. मी एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवर सांगायचं आणि किती वाजता सुटली ते रजिस्टरात लिहायचं, हे माझं काम. दिवसभर नोंदी करणाऱ्या माणसाला चेंडूगणिक नोंद करावी लागणारा खेळ मिळाला, मग काय विचारता. दर उन्हाळ्यात भर दुपारी दार लावून, डोक्यावर ओला पंचा घेऊन मी ते सात सामने पुन्हा पुन्हा बघायचो आणि पुन्हा पुन्हा त्यांची स्कोअरवही लिहायचो. निकाल माझ्या बायकोलाही पाठ झाले होते. “तो लाल टोपीवाला आता आउट होणार,” असं ती भाजी निवडता निवडता सांगायची आणि तो व्हायचा. मी मात्र दरवेळी श्वास रोखून बघायचो.

गावात एकच जाणकार असला की तो आपोआप पंडित ठरतो. शाळेने मुलींचा संघ काढला तेव्हा स्कोअरर म्हणून मला बोलावणं आलं आणि मी त्या टेबलाला जो चिकटलो तो चिकटलोच. मुलींना मी नियम शिकवले आणि नियमांआधी एक गोष्ट शिकवली. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर चार शिव्या खाव्या लागतात, लेखी काही उरत नाही. बेसबॉलमध्ये चूक नावानिशी लिहिली जाते. मारणारी पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या ठाण्यावर पोचली, तर ती स्वतःच्या फटक्याने पोचली की अडवणारीच्या चुकीने, हे ठरवावं लागतं. फटका असेल तर हिट आणि ती चेंडू टाकणारीच्या, म्हणजे पिचरच्या नावावर डाग म्हणून लागते. चूक असेल तर एरर आणि ती अडवणारीच्या नावावर. हे पंच ठरवत नाही. हे स्कोअरर ठरवतो, एकटा.

“म्हंजे देवच की वो काका तुमी,” लंका म्हणाली होती.

“देव नव्हे. देवाला दया येते. स्कोअररला येऊन चालत नाही,” मी म्हणालो होतो. हे वाक्य मला फार आवडलं होतं, म्हणून ते मी पुढे चार-पाचदा तरी वापरलं.

लंका धनगराची पोर. आईबाप मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर, ही मामाकडे राहून दहावीपर्यंत आलेली. तिचा हात बघून पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, की हे कुठे शिकलीस. ती म्हणाली, “मेंढरामागं. पर मेंढराला धोंडा मारायचा नसतोय काका. त्याच्या नाकाम्होरं टाकायचा, मग ते वळतंय.” तिचा चेंडूही तसाच यायचा. मारणारीला वाटायचं अंगावर येतोय, आणि तो बरोब्बर नाकासमोरून जायचा. तिचा बाप एकदा सराव बघायला आला होता. अर्धा तास घोंगडी खांद्यावर टाकून उभा राहिला आणि जाताना मला म्हणाला, “सायब, ह्यातनं काय हुणार असंल तर ह्याच साली होऊ द्या. न्हाईतर दिवाळीला मी तिला मेंढरांकडं नेणार हाय. हात कमी पडत्यात.”

होण्यासारखं एक होतं. पुण्याला राज्याचं शिबिर भरणार होतं आणि शिबिरात घेतलेल्या मुलींना तिथेच वसतिगृहात राहून पुढचं शिक्षण मिळणार होतं. प्रत्येक शाळेतून एक मुलगी. निवड करणारे साळुंखे सर शेवटच्या सामन्याला येणार होते, पण मे महिना म्हणजे लग्नसराई. नेमकं त्याच दिवशी त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी त्यांचा डेपोत फोन आला.

“माळवदे, तुमच्या शाळेतून दोघींचीच नावं माझ्यापुढे आहेत. ती ठोंबरे आणि तुमची मुलगी. सामना झाला की वही पाठवून द्या, वही बघून ठरवतो.”

“सर, माझी मुलगी आहे म्हणून म्हणतो, वही दुसऱ्या कुणी लिहिली तर…”

“छे, छे. तुमच्या वहीवर माझा डोळे झाकून विश्वास आहे.”

मी फोन ठेवला आणि छाती फुगवून घरी गेलो. आज ते आठवलं की त्या फुगलेल्या छातीचीच सगळ्यांत आधी लाज वाटते.

माझी मुलगी उज्ज्वला शॉर्टस्टॉपला खेळायची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये. सगळ्यांत जास्त चेंडू येतात ती जागा. अख्ख्या स्पर्धेत तिच्या नावापुढे एकही एरर नव्हती. माझ्या वहीत तिच्या रकान्यात पाच सामन्यांची पाच शून्यं होती आणि ती मी इतरांच्या शून्यांपेक्षा जरा गोल काढली होती, हेही आता कबूल करायला हरकत नाही.

सामना सुरू झाला. पहिल्या डावात लंकाने तिघींना परत पाठवलं. दुसऱ्यातही. तिसऱ्या डावात एकीला चार वाईट चेंडूंवर बेस मिळाला, पण फटका कुणाला मारता आला नाही. आमच्या मुलींनी तीन धावा काढल्या. चौथा डाव झाला, पाचवा झाला आणि माझ्या लक्षात आलं, की तासगावच्या बाजूला हिटच्या रकान्यात काहीच नाही. सात डावांत एकही हिट न देणं म्हणजे पिचरच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट. माझ्या सात कॅसेटींमध्येही असा एकच सामना होता. मी मुलींना त्याची गोष्ट सांगितलेली होती, त्यामुळे पाचव्या डावानंतर लंकाशी कुणी बोलेना. अशा वेळी पिचरशी बोलायचं नसतं, हेही मीच सांगितलं होतं. ती एकटी कडुनिंबाच्या मुळीवर बसून मठ्ठा पीत होती. माझ्याकडे बघून तिने एक बोट वर केलं आणि हवेत गोल काढला. शून्य आहे ना, असं विचारत होती. मी मान हलवली.

सहावा डाव. एक बाद. तासगावची पल्लवी नावाची उंच मुलगी मारायला आली. दुसऱ्या चेंडूला तिने बॅट फिरवली आणि चेंडू जमिनीवरून सरळ उज्ज्वलाकडे गेला.

जोरात नव्हता. वाकडातिकडा नव्हता. मैदान सपाट होतं, उसळी आलीच नाही. उज्ज्वला वाकली, ग्लोव्ह खाली नेला, चेंडू ग्लोव्हात शिरला आणि ग्लोव्हातून निसटून पायांमधून मागे गेला. तिने वळून तो उचलेपर्यंत पल्लवी पहिल्या बेसवर उभी होती.

माझ्या पुस्तकात नियम होता. साधारण प्रयत्नात जो चेंडू अडवता आला असता तो अडवला नाही, तर ती चूक. त्या नियमाचं मी मराठी करून शाळेच्या भिंतीवर चिकटवलं होतं.

“काका, हिट का एरर?” गणपा खडू हातात धरून फळ्यापाशी उभा होता.

मी वहीकडे पाहिलं. उज्ज्वलाची पाच गोल शून्यं दिसली. मग मैदानाकडे पाहिलं. उज्ज्वला माझ्याकडे बघत नव्हती, ग्लोव्हच्या दोऱ्या ओढून बघत होती. लंका मात्र माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. कसली काळजी असणार, चेंडू कुठून कुठे गेला ते तिने तिथूनच पाहिलं होतं. ती नुसती मी काय म्हणतो त्याची वाट बघत होती.

“काका, काय लिवू?”

“उसळी वाईट होती,” मी म्हणालो. गणपाने मला काही कारण विचारलं नव्हतं. “हिट लिही.”

आणि पेनने हिट लिहिली. पेन छान चाललं.

लंकाने फळ्यावरचा आकडा वाचला. क्षणभर तिचा हात कमरेवर गेला. मग तिने चेंडू मागितला, पुढच्या दोघींना बाद केलं आणि सातव्या डावात तिघींना. सामना आम्ही जिंकला. मुलींनी तिला उचलून घेतलं, हेडमास्तरांनी कलिंगडं कापायला सांगितली. मी वही मिटायच्या घाईत होतो, तेवढ्यात ती टेबलापाशी आली.

“काका, बघू?”

मी वही उघडली. तिने बोटाने रकाना धरला आणि वरपासून खाली आली. सहाव्या डावापाशी बोट थांबलं.

“ही हिट व्हय?”

“हिट झाली, पोरी. उसळी आली ना.”

ती त्या अक्षराकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही म्हणणार, की काका, मी बघितलंय. तिने म्हणावं असं मला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही वाटत होतं.

“असंल मग,” ती म्हणाली. “लांबनं मला दिसली न्हाई. तुमी लिवलंय म्हंजे असंल.” आणि ती कलिंगड खायला गेली.

घरी जाताना उज्ज्वला लूनावर माझ्यामागे बसली होती. डेपोचा चढ लागला तेव्हा ती म्हणाली,

“अण्णा, तो माझ्या हातातनं सुटला.”

“उसळी आली होती.”

“नव्हती आली.”

मी लूनाचा वेग वाढवला. लूनाचा वेग तो काय वाढणार. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे पुष्कळ वेळ होता.

“साळुंखे सरांना सांगा की,” ती थोड्या वेळाने म्हणाली.

“लिहिलेलं खोडायचं नसतं. पेनने लिहिलंय.”

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर रडेल, हट्ट धरेल, मग मी नाइलाजाने फोन करेन. खरं सांगायचं तर मी तिने तसं करावं याची वाट बघत होतो, म्हणजे खरेपणाचं काम पोरीने केलं असतं. पण ती सोळा वर्षांची होती आणि तिलाही पुण्याला जायचं होतं. संध्याकाळी मी वही कागदात गुंडाळून साळुंखे सरांसाठी सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. गाडी पाच चाळीसला सुटली, ते मी रजिस्टरात बरोबर लिहिलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. ‘ठोंबरेची गोलंदाजी उत्तम, परंतु संपूर्ण स्पर्धेत एकही चूक न करणारी खेळाडू म्हणून कु. उज्ज्वला माळवदे हिची निवड करण्यात येत आहे.’ बायकोने देवापुढे पेढे ठेवले. लंका अभिनंदन करायला घरी आली. उज्ज्वलाने तिला पाणी दिलं आणि ती आतल्या खोलीत गेली ती लंका जाईपर्यंत बाहेर आली नाही. दिवाळीनंतर लंका शाळेत दिसली नाही. मी कुणाकडे चौकशी केली नाही. काय झालं असेल ते मला माहीत होतं.

उज्ज्वला पुण्यात शिकली, दोन वर्षं राज्याकडून खेळली आणि आता एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मुलींचा संघ चालवते. निवृत्त झाल्यावर मी तिला एकदा म्हणालो, की आता मी मोकळा आहे, तुझ्या सामन्यांची स्कोअरवही मी लिहीत जाईन. ती मुलींचे बूट मोजत होती.

“नको, अण्णा,” ती म्हणाली. “स्कोअर मी दुसऱ्याकडून लिहून घेते.”

तेवढंच. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी चहा पिऊन परत विट्याला आलो.

त्या सामन्याला एकवीस वर्षं झाली तेव्हाची, म्हणजे परवा-परवाचीच ही हकीकत. पुन्हा मे महिनाच. मी मायणीला एका साखरपुड्याला निघालो होतो. वाटेत गाडी थांबली. चाळीस वर्षं डेपोत काढलेल्या माणसाला थांबलेल्या गाडीत बसवत नाही. मी खाली उतरलो. रस्ताभर मेंढरं होती, ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळत होता. एक मेंढरू कळप सोडून डाळिंबाच्या बागेत शिरायला निघालं होतं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने एक बाई चालली होती. चालता चालताच ती वाकली, एक खडा उचलला आणि न थांबता फेकला. चाळीस पावलांवर, मेंढराच्या नाकापुढे एक वीत अंतरावर धूळ उडाली. मेंढरू वळलं.

चेहरा दिसायच्या आधी मी तो हात ओळखला. माझा पाय गाडीच्या पायरीकडे वळलाही होता. पण तिने मला पाहिलं.

“काका? माळवदे काका न्हवं?”

ती मेंढरांमधून वाट काढत आली. उन्हाने रापलेली, पुढचा एक दात गेलेला. रस्त्यावरच वाकून माझ्या पाया पडली. मागून एक अकरा-बारा वर्षांची मुलगी कोकरू काखेत घेऊन आली.

“उज्ज्वला बरी हाय न्हवं? खेळती अजून?”

“शिकवते.”

“झ्याक झालं,” ती म्हणाली, आणि खरोखर तिला आनंद झालेला दिसला. मग तिने त्या मुलीला पुढे ओढलं. “ही माझी थोरली. काका, हिला सांगा की. हिला वाटतंय मी थापा मारती. म्हंती, मेंढरामागली बाई कशाला चेंडू खेळती. सांगा, तासगावच्या मॅचला सात डावात मी किती हिट दिल्या?”

मुलगी माझ्याकडे संशयाने बघत होती. गाडीच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. लंकाने एक बोट वर धरलं होतं, मी विसरलो असेन तर आठवावं म्हणून.

एकवीस वर्षं मी मनात हजारदा बोललो होतो ते बोलायला यापेक्षा सोपी वेळ आली नसती. कुणी रागावणार नव्हतं, कुणाचं काही जाणार नव्हतं. जायचं ते केव्हाच गेलं होतं.

“एक,” मी म्हणालो.

“बघ,” लंका मुलीला म्हणाली. “सात डावात एकच. पेनानं लिवलेलं हाय काकांच्या वहीत. ह्यांनी लिवलेलं कधी खोटं नसतंय.”

“आन ती कुणी मारली?” मुलीने विचारलं.

“तासगावच्या एका पोरीनं. लई उसळी घेतली बग चेंडूनं, उज्ज्वलाचा काय दोस न्हवता. व्हय न्हवं काका?”

“व्हय,” मी म्हणालो.

कंडक्टरने घंटी वाजवली. रस्ता मोकळा झाला होता. लंकाने मुलीला माझ्या पाया पडायला लावलं, आणि ती कोकरू सांभाळत वाकली तेव्हा मला मागे सरकायचंही सुचलं नाही. मी गाडीत चढून माझ्या जागेवर बसलो. चाळीस वर्षं ज्या हाताने नोंदी केल्या तो हात मांडीखाली दाबून मी बसलो होतो.

“वळखीच्या का वो?” कंडक्टरने विचारलं. पोरगेला होता, नवीन लागलेला.

“होय. आमच्या शाळेची पिचर. बेसबॉलची.”

“खेळायची चांगली?”

गाडी पुढे आली होती. मागच्या काचेतून आता नुसती धूळ दिसत होती.

“तासगावविरुद्ध सात डाव टाकले तिने,” मी म्हणालो. “एकही हिट दिली नाही. एकही नाही.”

“म्हंजे वो?”

मी सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.

“बरं,” तो म्हणाला, आणि तिकिटं द्यायला मागच्या सीटकडे गेला.